पश्चिमेची भिंत

सासरच्या घराची पश्चिमेची भिंत माझ्या तिथल्या पहिल्याच पावसाळ्यात जोत्यालगत विरघळली. घर वाडीच्या वरच्या टोकाला, जांभ्याच्या कातळाचा उघडा सडा सुरू होतो तिथे. आडोशाला एक झाड नाही. समुद्राकडून निघालेला वारा सडा ओलांडून पाऊस घेऊन यायचा तो थेट त्या भिंतीवर आपटायचा. जोतं जांभ्याच्या चिऱ्यांचं, भिंती मातीच्या, वर गवताचं छप्पर आणि छपराचा भार लाकडी मेढींवर, म्हणून भिंत पोटातून गेली तरी घर उभं राहिलं. भोकावर आम्ही माडाची झापं बांधली आणि ते वर्ष काढलं. घर ते केवढं, पुढे ओटी, मध्ये चुलीचं माजघर आणि पश्चिमेला लांबट पडवी. पडवीत भाताची कणगी, नांगर आणि माझ्या सासूचं अंथरूण. माजघरातून पडवीत जायला एकच दार होतं, फणसाच्या लाकडाच्या चौकटीचं.

मी सांगते आणि नात लिहून घेते. मधेच ती हात थांबवून विचारते, आजी, गवंडी नव्हते का? होते की. पण आमच्या वाडीत घराच्या कामाला गवंडी बोलवायची रीत नव्हती. उन्हाळा चढला की सगळी वाडी एकेका घरावर जमायची. आज ह्यांचं छप्पर, उद्या त्यांची भिंत. बाप्ये वर चढून गवत बांधायचे, बाया माती तुडवायच्या, आणि ज्याचं घर तो दुपारी सगळ्यांना भात आणि सुक्या बांगड्याचं कालवण वाढायचा. वरून कोणीतरी खालच्याची थट्टा करायचा, खालचा शिवी घालायचा आणि सगळं अंगण हसायचं. नवी सून म्हणून पहिल्या वर्षी मी ते कालवण रांधलं होतं, तिखट जास्त झालं म्हणून सगळ्यांची बोलणी खाल्ली होती. दुसऱ्या वर्षी आमच्याकडे कोणी आलं नाही.

माझ्या सासूला मी ह्यांच्यासारखीच आये म्हणत असे. उंच, खणखणीत आवाजाची बाई. तरुणपणीच नवरा गेला, एकच मुलगा पदरात. दुसऱ्यांच्या शेतावर लावणी करून तिने त्याला वाढवला आणि मिसरूड फुटल्यावर मुंबईला गिरणीत धाडला. मला ती बाय म्हणायची. ओरडायची तेसुद्धा बाय म्हणूनच. तिचे हात ती सदा पदराखाली ठेवायची, ते मला आधी तिची सवय वाटली. मग एका सकाळी तिने चुलीवरचं पेजेचं मडकं उघड्या हातांनी उतरवलं. तळव्याची कातडी मडक्याला चिकटून राहिली आणि ती मला सांगतच होती, की पेजेत मीठ आज तू घाल, काल कमी पडलं होतं. तिला काही कळलंच नव्हतं. मी तिच्या हाताकडे बघतेय हे दिसल्यावर तिने हात पदराखाली घेतला आणि पाटावर बसली. मग म्हणाली, "धोंडूला आत्ता कळवू नको. शिमग्याला येल तवा मी सांगन."

शिमग्याला हे आले. पण तिने सांगायच्या आधी पालखी आली. देवीची पालखी घरोघर फिरते तशी आमच्या अंगणातही टेकली, आणि आये ओटी भरायला पुढे झाली. नारळ तिच्या बोटांतून निसटला. तो उचलायला ती वाकली तेव्हा पदर सरकला, आणि गावचे मानकरी शेजारीच उभे होते. त्यांनी पाहिलं. बोटं आत वळलेली, एकाचं पेर गेलेलं. त्यांनी पालखी उचलायला सांगितली आणि माणसं पुढच्या घरी गेली. ढोल लांब गेल्यावर आये ओटीवर बसून राहिली आणि तिने मुलाला दोन्ही हात उघडून दाखवले.

आमच्याकडे त्या रोगाला रगतपिती म्हणत, दवाखान्यात कुष्ठरोग म्हणतात. आता गोळ्यांनी बरा होतो, नातीने मला ते सरकारी दवाखान्यातलं चित्र दाखवलंय. तेव्हा त्याचं नावसुद्धा कोणी मोठ्याने घेत नसे. देवळात गावकी बसली. ह्यांना बोलावून सांगितलं, की म्हातारीला सड्यापलीकडे खोपी बांधून दे नाहीतर रत्नागिरीला ह्या रोग्यांच्या दवाखान्यात नेऊन टाक. ती घरात आहे तोवर तुझ्या घरी कोणी यायचं नाही, तू कोणाकडे जायचं नाही आणि विहिरीवर तुझा दोर पडायचा नाही. हे म्हणाले, "ती माज्या घरात ऱ्हाईल." एवढंच बोलून परत आले. मुंबईला जायची ट्रंक बांधून ठेवली होती ती त्यांनी सोडली, आतले कपडे खुंटीला टांगले, आणि मग घराला एक फेरी मारून पश्चिमेच्या भिंतीसमोर उभे राहिले. म्हणाले, "ही आपल्यालाच करायची."

त्यांना गिरणीतला साचा, म्हणजे माग, चालवता येत होता. मातीचं काम लहानपणी पाहिलेलं, केलेलं नाही. मला तर माहेरी सारवण्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. उरलेली भिंत आम्ही पाडली. पाडताना आतून वाळवीचं वारूळ निघालं. घराखालच्या खाचरातली माती खणून मी टोपलीने वर आणायची आणि हे त्यात पेंढा कापून टाकायचे. पाणी ही मोठी अडचण. विहीर बंद होती आणि पऱ्ह्याचा ओढा आटलेला. त्याच्या पात्रात आम्ही एक डबरा खणला, त्यात पाणी झिरपायचं, तेही गढूळ. करवंटीने भरून घागर पुरी व्हायला सकाळ निम्मी सरायची. पहिलं पाणी पिण्याचं, मग भाताचं, आणि उरेल ते मातीला. अंघोळी आम्ही टाळत होतो. दोघं समोरासमोर उभे राहून माती तुडवायचो, एकमेकांच्या खांद्याला धरून, कारण पाय रुतायचे. त्याचा एक आवाज असतो, पाय उपसताना होणारा. आजूबाजूला दुसरा आवाज नाही, फक्त सड्यावरचा वारा आणि कुठेतरी कवडा घुमतोय. वाडीत इतर घरांवर काम चाललेलं असायचं, तिथलं हसणं वर ऐकू यायचं. हे तेव्हा मान खाली घालून जोरात तुडवत.

मातीची भिंत घाईने चढत नाही. एक थर घालायचा, तो सुकू द्यायचा, मग वर दुसरा. ओल्यावर ओला घातला तर सगळं बसतं. आमचं तसंच झालं. दुसरा थर लवकर घातला आणि सकाळी उठून पाहिलं तर भिंत पोट काढून बाहेर आलेली. ह्यांनी ती फावड्याने तोडली आणि अंगणात जाऊन पाठमोरे बसले. आये पडवीतल्या कणगीशी बसून सगळं बघत होती. कामाला हात लावायचा नाही असं तिनेच ठरवलं होतं. तिथूनच म्हणाली, "माती लय पातळ केलीस, धोंडू. भाकरीच्या पिठावानी घट्ट मळ. आन उतावळा होव नको. अजून आकाश कोरडा हाय." ते उठले आणि पुन्हा माती आणायला गेले.

खाणं म्हणजे सकाळी पेज, दुपारी नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी. खालच्या खाचराच्या बांधावरच्या झाडाला फणस होते तेवढा आधार. किनाऱ्याकडची एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन आमच्या बाजूला यायची. तिला कोणीतरी सांगितलं असणार, तरी ती येत राहिली. मात्र अंगणात शिरायची नाही. गडग्यावर, म्हणजे आवाराच्या दगडी बांधावर, सुकट ठेवायची, मी भात ओतलेलं सूप तिथेच ठेवायची, आणि दोघी लांबून बोलायचो. आयेचं ताट मी वेगळं ठेवू लागले होते. मला कोणी सांगितलं नव्हतं. आयेने ते पाहिलं होतं.

तेवढ्यात माझे बाबा आले. माझं माहेर दोन डोंगर पलीकडे. उन्हातून चालत आलेले, डोक्याला पंचा. तेही गडग्यापाशी थांबले आणि तिथूनच हाक मारली. मी मातीच्या हातांनी धावत गेले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, मीही पुढे झाले नाही.

"चल गो शेवंते," ते म्हणाले. "काय घेऊ नको. अंगावरच्या लुगड्यानिशी चल."

मी म्हटलं, "बाबा, आत या. पाणी देते."

"नको पाणी. तुज्या बहिणीला बघाया येनार होते, ते वाटेतनं परतले. त्यांना कळला. आता तिचा कसा करू मी? तू तरी घरी चल. धोंडूवर माजा राग नाय. पन त्याच्या आयेसाठी तू कशाला सडतंस?"

मी मागे वळून पाहिलं. भिंत माझ्या कमरेइतकी आली होती आणि त्यामागे पडवीत आये बसलेली होती. तिला सगळं ऐकू जात होतं. हे हातातलं फावडं टेकून उभे होते. त्यांनी मला थांब म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही.

"भिंत अर्धी हाय, बाबा," मी म्हटलं. "एकट्याच्यानं व्हयाची नाय."

"आन झाल्यावर?"

माझी पाळी चुकली होती. ते मी अजून कोणालाच सांगितलं नव्हतं, मला स्वतःलाही खात्री नव्हती. मग फडक्यात बांधून आणलेले पोहे आणि एक नारळ गडग्यावर ठेवून बाबा परत गेले. मी सोळा-सतरा वर्षांची होते. त्यांच्यामागे धावत जावं असं वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण भिंतीजवळची माती मळलेली होती, ती सुकून चालली होती. मी जाऊन ती तुडवायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयेने ह्यांना हाक मारली. मी माजघरात चूल फुंकत होते, मला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"धोंडू, ह्या नव्या भिंतीत दार काढ."

"कसला दार?"

"माज्या येयाजायाचा. भायेरनं. आन आतला दार बुजव."

हे आधी समजलेच नाहीत. म्हणाले, "पश्चिमेला कोन दार काढतो? सगळा पाऊस आत येल."

"आडोशाला दारावर झापांची झडी बांध."

"आये, गप ऱ्हा."

"तुज्या बायकोला दिवस गेलेत. तुला ठावं नाय?"

माझ्या हातातली फुंकणी तशीच राहिली. तिने कधी ओळखलं, मला कळलं नाही. मग आये हळू बोलायला लागली. तिचा आवाज तसा हळू मी कधी ऐकला नव्हता.

"पोर रांगाया लागला की पयला माज्याकडं येल. पोराला काय कळतंय? हात पुढं करील. आन मी त्याला नको म्हननार नाय, धोंडू. माज्याच्यानं व्हयाचाच नाय ता. घेन मी त्याला. म्हनून आत्ताच बुजव, माती मळलेली हाय तवर."

हे बाहेर निघून गेले. त्या दिवशी काम झालं नाही. ते सड्यावर कुठेतरी उन्हात बसून राहिले आणि जेवायला आले नाहीत. आयेही जेवली नाही. मी तिचं ताट तिच्यापुढे ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "बाय, तू त्याला सांग. माजा ऐकायचा नाय तो." मी सांगितलं नाही. मला तोंडच नव्हतं, कारण ती म्हणत होती ते व्हावं असं माझ्या मनात होतं आणि होऊ नये असंही होतं. दुसऱ्या दिवशी ते आपणच उठले, पहार घेतली आणि माजघराच्या दाराची चौकट सोडवायला लागले. घरात जादा चौकट नव्हती. तीच आतली काढून बाहेरच्या भिंतीत बसवावी लागली. ती जुनी, भिंतीत घट्ट बसलेली, निघता निघेना. आये पलीकडे उभी राहून सांगत होती, खालनं उचक, वरनं ठोकू नको, लाकूड फाटंल.

बाहेरची भिंत पुरी झाल्यावर मग आतलं दार भरायला घेतलं. मी मातीचे गोळे देत होते आणि हे एकावर एक बसवत होते. आये पलीकडे पाटावर बसली होती आणि सारखी बोलत होती. बियाण्याचं भात कुठल्या कणगीत आहे. आमसुलांची बरणी माळ्यावर आहे, तिला दादरा बांध, नाहीतर मुंग्या लागतील. पहिलं बाळंतपण आहे तेव्हा वाडीतली सुईण नाही आली तर आयेच्या बहिणीच्या सुनेला बोलवायचं, ती घाबरायची नाही. थर सुकायला थांबायचो तेव्हा भिंत तेवढीच असायची आणि आम्ही वरून तिला बघायचो. मग ती बसलेली दिसेनाशी झाली. मग उभी राहिली तरी फक्त कपाळ दिसायचं. शेवटचा गोळा हातात घेऊन हे थांबले. पलीकडून ती म्हणाली, "लाव बाबा." त्यांनी तो लावला. नंतर मी दोन दिवस माजघर सारवत होते, एकदा सारवलेलं पुन्हा सारवत होते, आणि तिथे दार होतं हे कोणाला कळू नये इतकं ते एकसारखं झालं.

राहिलं छप्पर. हे वर चढायचे आणि मी आत खाली. वरून त्यांनी गवतातून बांबूची सुई खाली खुपसायची, मी तिच्यात सुंभ ओवून वाशामागून वळसा घालून परत वर द्यायची. आम्ही एकमेकांना दिसायचो नाही, फक्त हाका. पडवीवर आलो तेव्हा मी आत जाणार तर ह्यांनी अडवलं. आये आतून म्हणाली, "सुंभ मी ओढते." बोटांना जमेना तेव्हा तिने दातांनी ओढलं. तो भाग बाकी छपराहून कधी सैल पडला नाही.

पाऊस आला आणि भिंत राहिली. त्याच आठवड्यात मानकरी गडग्यापाशी आले. डोक्यावर इरलं. ह्यांना म्हणाले, "दार बुजवलंस ते बरा केलंस. आता विहिरीवर या. गावाचा सबूद मानलास, गाव तुज्यामागं हाय."

हे म्हणाले, "गावाचा नाय मानला. तिचा मानला."

पण विहिरीवर आम्ही गेलो. जावंच लागलं. लावणीला माणसंही आली. मला मुलगा झाला तेव्हा वाडीतलीच सुईण आली, माझ्या बहिणीचं लग्नही पुढच्या वर्षी झालं. सगळं पहिल्यासारखं झालं म्हणायचं. मी रोज घराला वळसा घालून पडवीच्या दाराशी ताट ठेवायची आणि चार पावलं मागे यायची. मग आये दारात यायची. पोराला कडेवर घेऊन गेले तर ती म्हणायची, "उन्हात नको उभी राहू, जा." पण मी वळून पाहिलं की ती अजून दारातच असायची. एकदा पोर तिच्याकडे झेपावलं तेव्हा तिने झडी ओढून घेतली.

दार बुजवल्यानंतरचा तिसरा पाऊस संपता संपता ती गेली. सकाळी ताट ठेवलं ते दुपारी तसंच होतं. हे मुंबईला परत जायचे ते राहूनच गेलं होतं, घरीच होते. वाडीतले बाप्ये गडग्यापर्यंत आले. त्यांनी लाकडं फोडून मसणवटीत आधीच नेऊन रचली होती, तेवढं त्यांनी केलं. खांदा द्यायला कोणी पुढे आलं नाही. निरोप गेल्यावर बाबा आले, ते मात्र अंगण ओलांडून आत आले, म्हणाले, पोराजवळ मी बसतो. मग ह्यांनी तिरडीचं पुढचं टोक घेतलं आणि मागचं मी घेतलं. बाईने मसणात जायची रीत नव्हती. कोणी मला अडवलं नाही. ती उंच होती, पण वजन काहीच राहिलं नव्हतं.

परत आल्यावर हे पडवीत गेले. झडी उचलून बांधली, म्हणून तिथे पहिल्यांदा पुरता उजेड पडला. मी दारात उभी होते. तिचं अंथरूण भिंतीशी लावलेलं होतं, आम्ही बुजवलेल्या दाराशी. त्या जागी, बसलेल्या बाईचं डोकं येईल एवढ्या उंचीला, मातीवर तेलकट काळा डाग पडला होता आणि त्याखाली पाठीएवढी भिंत घासून गुळगुळीत झाली होती, थोडी खोलगटसुद्धा. बाकी भिंत खरखरीत होती. मी मनात जागा लावून पाहिली. पलीकडे चूल होती, आणि चुलीशेजारी ज्या गोधडीवर मी पोराला निजवायची ती जागा. हे अंथरुणावर बसले आणि त्या डागाला डोकं टेकलं. थोड्या वेळाने पलीकडे मुलगा जागा झाला. तो माझ्या बाबांना काहीतरी विचारत होता, चिमणी कुठे गेली, भात कुठे गेला, असलं काही. भिंतीतून त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.